खिशांतल्या प्लेअरचा सारथि

घरोघरच्या टेबलांच्या खणांत हल्लीं एक लहानशी वस्तु पडून असते. कोठें ती आगपेटीएवढी, कोठें पत्त्यांच्या जोडाएवढी. एके काळीं मोठ्या हौसेनें घेतलेली, आणि मोबाईलमध्यें गाणीं वाजूं लागल्यापासून कोणीं हात न लाविलेली. एमपीथ्री प्लेअर हें तिचें नांव. या जातींत सर्वांत गाजलेला जो अमेरिकेंतील ॲपल कंपनीचा आयपॉड, तो २००१ च्या ऑक्टोबरांत प्रगट झाला आणि २०२२ च्या मे महिन्यांत त्याचा शेवटचा प्रकारहि बंद होत असल्याचें कंपनीनें जाहीर केलें. म्हणजे पुरतीं एकवीस वर्षेंहि त्या नांवाला लाभलीं नाहींत. या वस्तूंचें रूप, त्यांच्या किंमती आणि त्यांनीं तरुणांच्या कानांचें केलेलें नुकसान यांविषयीं पुष्कळ लिहून झालें आहे. आम्हांला आज लिहावयाचें आहे तें त्यांच्या पोटांतल्या एका गोष्टीविषयीं. कळ दाबल्यापासून स्वर कानीं पडेपर्यंत जी अदृश्य घडामोड होते ती घडवून आणणारा एक मजकूर यंत्रांत लिहिलेला असतो. तो मजकूर, आणि कोणीं न सांगतां, कोणीं पैसा न देतां तो नव्यानें लिहून काढणारीं माणसें, हा आजचा विषय आहे.

या मजकुराला फर्मवेअर म्हणतात. यंत्राच्या तळाशीं चिपा, तारा आणि विद्युत्. वरच्या बाजूस आपल्याला दिसणाऱ्या गाण्यांच्या याद्या. आणि या दोहोंमध्यें हा मजकूर. त्याचाहि अगदीं खालचा थर म्हणजे ड्रायव्हर. मोटारगाडीमुळें हा शब्द सर्वांच्या ओळखीचा झाला आहे, आणि अर्थहि तोच, सारथि. कठोपनिषदांत शरीराला रथ, बुद्धीला सारथि, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे म्हटलें आहे तें वाचकांस आठवतच असेल. येथें मात्र व्यवस्था अशी कीं, प्रत्येक घोड्याला निराळा सारथि. पडद्याला एक, कळांना एक, गाणीं सांठविणाऱ्या डिस्कला एक, बॅटरीला एक आणि ध्वनीला एक. कारण एकहि घोडा माणसाची भाषा जाणत नाहीं. पडद्याला ‘उजळ’ म्हणून भागत नाहीं. अमुक पत्त्यावर अमुक आंकडा, तोहि अमुक आंकड्याच्या आधीं आणि तमुकाच्या नंतर लिहिला, तरच तो उजळतो. क्रम चुकला तर पडदा काळा राहतो, आणि काय चुकलें हें सांगावयास दुसरें कोणीहि नसतें.

या आज्ञा जाण्याची एक रीत तर मोठी मौजेची आहे. अशा यंत्रांत पुष्कळदां मुख्य प्रोसेसर आणि ध्वनीची चिप यांच्यामध्यें दोनच तारा असतात. एका तारेवर ताल चालतो, दुसरीवर शब्द. आठ बिटांचा एक बाईट पाठवून झाला कीं नवव्या तालाला बोलणारा गप्प राहतो आणि ऐकणाऱ्यानें तार खालीं ओढून ‘पोंचलें’ असें कळवावयाचें असतें. लहान मुलांना गोष्ट सांगतांना आपण त्यांच्याकडून ‘हूं’ म्हणवून घेतों, तोच हा हुंकार. हुंकार आला नाहीं तर समजावें कीं, श्रोता झोंपला आहे, पत्ता चुकला आहे किंवा त्या घरांत कोणी राहतच नाहीं. अनोळखी यंत्र उघडून बसलेला कारागीर पहिल्या दिवशीं बहुधा हेंच करतो. एकामागून एक सर्व पत्त्यांवर हांक मारतो, आणि कोठून हुंकार येतो तें पाहतो.

हे पत्ते आणि हे आंकडे चिप बनविणाऱ्या कारखान्यानें छापून ठेविलेले असतात; परंतु पुष्कळ चिपांच्या बाबतींत ते प्लेअर बनविणाऱ्या कंपनीला गुप्ततेच्या करारावर मिळतात, आणि यंत्र विकत घेणाऱ्याला मिळत नाहींत. प्लेअरच्या कंपनीला ते प्रसिद्ध करावेसे वाटले तरी करारानें तिचे हात बांधलेले असतात, हेंहि न्यायाच्या दृष्टीनें सांगितलें पाहिजे. पण परिणाम व्हावयाचा तोच होतो. ज्यानें पैसे मोजले त्याला आपल्या वस्तूच्या आंत काय चाललें आहे हें कळण्याचा मार्ग राहत नाहीं. फर्मवेअरमध्यें दोष असला तर कारखाना सुधारील तेव्हां खरें. आणि कारखान्यानें तें यंत्र बनविणें सोडलें म्हणजे तो दोष त्या यंत्राच्या जन्माला चिकटला.

हें निमूटपणें मान्य न करणारीं माणसें २००१ च्या अखेरीस स्वीडन देशांत निघालीं. आर्कोस नांवाच्या फ्रेंच कंपनीनें २००० च्या अखेरीस ज्यूकबॉक्स या नांवाचा एक प्लेअर बाजारांत आणला होता. आंत संगणकाची खरीखुरी हार्ड डिस्क, बाहेर अकरा अक्षरांच्या दोन ओळींचा पडदा. यंत्र दणकट होतें, पण त्याचा फर्मवेअर या मंडळींना अगदींच सामान्य वाटला. ब्यर्न स्टेनबर्ग, लिनुस नील्सन फेल्टसिंग आणि डॅनियल स्टेनबर्ग हे ते तिघे. त्यांतील डॅनियल यांचें कर्ल नांवाचें साधन आज जगांतील असंख्य संगणकांत नित्य चालत असतें. तिघांनीं ठरविलें कीं, मूळचा मजकूर दुरुस्त करावयाचा नाहीं, नवाच लिहावयाचा. ज्यूकबॉक्स या नांवावरूनच त्यांनीं आपल्या कृतीला रॉकबॉक्स म्हटलें.

त्यांना एक वाट मोकळी सांपडली होती. तो प्लेअर सुरू होतांना डिस्कवर विशिष्ट नांवाची एक फाईल आहे काय हें पाही, आणि असल्यास चिपेंत कोरलेला मजकूर बाजूस ठेवून ती फाईल चालवी. कारखान्यानें ही सोय आपल्या सुधारणा पोंचविण्यासाठीं केली होती. त्या फाईलींतील बिटांची थोडी उलथापालथ केलेली असे, पण ती शाळेंतल्या मुलांच्या सांकेतिक भाषेहून फार कठीण नव्हती. दार उघडें मिळालें. आंत मात्र काळोख. आंत हिताची कंपनीचा एक प्रोसेसर, सेकंदाला सुमारें १ कोटी २० लाख ठोके देणारा. हल्लींच्या साध्या मोबाईलच्याहि शतांशाएवढा त्याचा वेग नव्हे. सोबत अवघी २ मेगाबाईट मेमरी. एमपीथ्रीचें दाबलेलें संगीत उलगडून त्याचे स्वर करणें या प्रोसेसरला झेपण्यासारखें नव्हतें, म्हणून तें काम मायक्रोनास कंपनीच्या एका निराळ्या चिपेकडे दिलेलें होतें. प्रोसेसरनें डिस्कवरून बाईट आणावे आणि त्या चिपेला भरवावे, एवढेंच.

‘एवढेंच’ म्हणतांना जी गोम राहून जाते ती येथें सविस्तर सांगण्याजोगी आहे. प्रोसेसरच्या ज्या दारांतून बिट बाहेर पडत तें दार प्रत्येक बाईटांतील शेवटचा बिट आधीं पाठवी. आणि ती ध्वनीची चिप पहिला बिट आधीं मिळावा अशी अपेक्षा करी. दोघांचीहि रीत आपापल्या ठिकाणीं बरोबर. लग्न मात्र जमेना. तेव्हां ११०१०००० असा बाईट असला तर पाठविण्यापूर्वीं त्याचा ००००१०११ असा उलटा करून ठेवावयाचा, म्हणजे उलटा उलट होऊन सुलट पोंचावयाचा. साधारण प्रतीच्या एमपीथ्री गाण्यांत सेकंदाला १६,००० बाईट असतात. म्हणजे गाणें चालू असेपर्यंत प्रत्येक सेकंदाला सोळा हजार वेळां ही उलटापालट, आणि उरलेल्या वेळांत पडदा, कळा, डिस्क आणि बॅटरी. एकेक बिट हातांत घेऊन उलटूं म्हटलें तर एवढ्या मंद प्रोसेसरचा बराचसा वेळ त्यांतच जावयाचा. मग या मंडळींनीं आपल्या जुन्या पंतोजींनीं केलें असतें तेंच केलें. बाईट किती प्रकारचे असूं शकतात? २५६. त्या प्रत्येकाचें उलटें रूप आधींच काढून एक कोष्टक मेमरींत ठेविलें. प्रत्येक वेळीं हिशेब करावयाचा नाहीं; पाढा पाठ असला कीं ‘सात नव्वें’ विचारतांच ‘त्रेसष्ट’ निघतें तसें उत्तर उचलावयाचें. हा तुकडा त्यांनीं प्रोसेसरच्या स्वतःच्या मातृभाषेंत, एकेक ठोका मोजून लिहिला.

संस्कृताचा संस्कार झालेल्या मनाला येथें वेदपाठाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. जटापाठांत दोन पदें सुलट, मग उलट, मग पुन्हां सुलट म्हटलीं जातात, तीं संहितेंतील एकहि अक्षर ढळूं नये म्हणून. आणि गोदातीरींच्या पार्थपूरचे दैवज्ञ सूर्य पंडित यांनीं सोळाव्या शतकांत असें काव्य रचिलें कीं, सुलट वाचावें तर रामकथा, उलट वाचावें तर कृष्णकथा. तेथें उलटणें हें रक्षणासाठीं किंवा चमत्कृतीसाठीं होतें. येथें तें केवळ दोन कारखान्यांच्या दोन रीतींचा मेळ घालण्यासाठीं. पण क्रमाविषयींची दक्षता तीच. एक बिट इकडचा तिकडे झाला तर यमनाच्या जागीं खरखर ऐकूं येते.

दुसरी अडचण डिस्कची. फिरती डिस्क बॅटरी पिऊन टाकते, म्हणून ती सतत फिरवितां येत नाहीं. थोडा वेळ फिरवून मेमरी भरून घ्यावयाची, डिस्क थांबवावयाची, आणि मेमरींतला सांठा संपत आला कीं पुन्हां जागी करावयाची. २ मेगाबाईटांत सुमारें दोन मिनिटांचें गाणें मावतें, आणि त्यांतहि फर्मवेअरची स्वतःची जागा वजा जाते. थांबलेली डिस्क जागी होऊन वेग घेईपर्यंत कांहीं सेकंद लागतात. सारथ्यानें उशिरा हांक मारली तर गाण्यांत भगदाड पडलें. फार लवकर मारली तर बॅटरी व्यर्थ गेली. पाहुणे पानावर बसले असतां पोळ्यांचा तवा केव्हां चढवावा हें ज्या गृहिणीला बिनचूक कळतें तिला या हिशेबाचें मर्म आमच्यापेक्षां अधिक कळेल.

पुढें २००४-०५ च्या सुमारास यंत्रें बदललीं. प्रोसेसर बलवान् झाले आणि संगीत उलगडणारी निराळी चिप नाहींशी झाली. कोरियाच्या आयरिव्हर कंपनीचे प्लेअर आणि आयपॉड हे या पिढीचे. आतां उलगडण्याचें कामहि रॉकबॉक्सलाच करावें लागलें. पण या प्रोसेसरांना अपूर्णांकांचें गणित उपजत येत नव्हतें. पूर्णांकच काय ते येत. संगीत उलगडण्याची रीत तर पदोपदीं अपूर्णांक मागणारी. उपाय असा कीं, सर्व हिशेब अगदीं बारीक एककांत मांडावयाचा, म्हणजे अपूर्णांक उरतच नाहीं. आमच्या आजोबांच्या जुन्या चोपड्यांतून रुपये, आणे, पै असा जमाखर्च असे. रुपयाच्या १९२ पै. सर्व रकमा पैंत मांडल्या कीं बेरीज-वजाबाकी पूर्णांकांत उरकते, आणि शेवटीं पुन्हां रुपये करावयाचे. याच युक्तीनें सेकंदाला ४४,१०० नमुने डाव्या कानासाठीं आणि तितकेच उजव्या कानासाठीं वेळेवर तयार होऊं लागले. याचा लाभ असा कीं, एमपीथ्री एवढीच एक बोली न राहतां, व्हॉर्बिस, फ्लॅक इत्यादि इतर बोलींत सांठविलेलें संगीतहि, ज्या यंत्रांना तें पूर्वीं वाजवितां येत नसे त्यांत वाजूं लागलें.

पण दारें मात्र उत्तरोत्तर बंद होत गेलीं. आयपॉडच्या चौथ्या पिढीच्या यंत्राची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. त्यावर स्वतःचा मजकूर चालवितां येत होता, पण यंत्र सुरू होतांना चिपेंत कोरलेला जो पहिला मजकूर चालतो तो वाचल्यावांचून पुढचे पत्ते कळेनात. आणि तो बाहेर काढावा कसा? पडद्याचा ड्रायव्हर नाहीं, तारेचा नाहीं. वश होतें तें एकच उपांग. चक्रावर बोट फिरविलें असतां टिक्‌टिक् आवाज करणारा इवलासा स्फटिक. २००५ सालीं जर्मनींतील एका तरुण विद्यार्थ्यानें त्या चिपेंतील मजकूर बिटाबिटानें वाचून त्याची टिक्‌टिक् करणारा मजकूर लिहिला, शेजारीं ध्वनिग्राहक ठेवून ती टिक्‌टिक् कित्येक तास टिपून घेतली, आणि मग त्या आवाजावरून ६४ किलोबाईटांचा तो मजकूर पुन्हां अक्षरशः उभा केला. ज्याला बोलतां येत नाहीं अशा कैद्याकडून भिंतीवर टकटक करवून त्याची हकीकत काढून घ्यावी तसा हा प्रकार.

त्याच कंपनीच्या नॅनो नांवाच्या लहान आयपॉडची दुसरी पिढी २००६ मध्यें आली तिच्यांत फर्मवेअर गुप्त लिपींत कुलूपबंद होता. तेथें परक्याचा मजकूर चालण्याची सोयच नव्हती. पण त्या यंत्रांत टिपणें वाचण्याची एक सोय होती, आणि एका टिपणांतून दुसऱ्या टिपणाकडे नेणारा दुवा लिहितां येई. २००९ मध्यें कांहीं शोधकांच्या लक्षांत आलें कीं, हा दुवा अवाजवी लांब लिहिला तर यंत्र त्याची लांबी न मोजतांच तो आपल्या ठराविक जागेंत उतरून घेऊं लागतें. जागा संपते, अक्षरें शेजारच्या जागेवर सांडतात, आणि त्या शेजारीं नेमका ‘हें काम झाल्यावर परत कोठें जावयाचें’ हा पत्ता लिहिलेला असतो. सांडलेल्या अक्षरांत आपण आपलाच पत्ता पेरून ठेवावा, कीं यंत्र निमूटपणें तेथें जातें. एवढ्या भक्कम वाड्याचें दार उघडलें तें समासाबाहेर गेलेल्या एका ओळीनें! लांबी मोजण्याची एक तपासणी लिहिणाऱ्यानें गाळली होती. शाळेंत समास सोडा, समास सोडा म्हणून आम्हीं आयुष्यभर जो घसा कोरडा केला त्याचें समर्थन असें अनपेक्षित ठिकाणीं मिळालें.

ही चोरी नव्हे काय, असा प्रश्न येथें सद्भिरुचीच्या वाचकाच्या मनांत येणें साहजिक आहे. आमचें मत आम्ही स्पष्ट सांगतों. दुसऱ्याचें गाणें पैसे न देतां उतरून घेणें ही एक गोष्ट, आणि आपण पैसे देऊन घेतलेलें यंत्र कसें चालतें हें शोधणें ही दुसरी. रॉकबॉक्सच्या मंडळींनीं कारखान्याचा मजकूर आपल्या नांवावर खपविला नाहीं. यंत्राचें वर्तन समजून घेऊन स्वतःचा लिहिला, आणि तो कोणींहि वाचावा, बदलावा, इतरांस द्यावा, मात्र बदल करून दिला तर तो बदलहि तसाच खुला ठेवावा, अशा अटीवर जगापुढें मांडला. शेंकडों लोकांनीं त्यांत भर घातली. घर विकत घेतल्यावर त्याचें माळवद कोठें गळतें हें पाहण्यास विकणाऱ्याची परवानगी लागत नाहीं. प्लेअरच्या बाबतींत ती लागावी असें म्हणणाऱ्यांचें म्हणणें आम्हांला पटलेलें नाहीं.

आणि या खटाटोपाचें खरें फळ कोणाच्या पदरीं पडलें हें पाहिलें म्हणजे वाद करण्याची इच्छाहि उरत नाहीं. आमचे एक स्नेही आहेत. जन्मतः दृष्टिहीन, उत्तम पेटीवादक, भजनी मंडळांना साथ करणारे. त्यांच्या मुलीनें त्यांना एक लहान प्लेअर आणून दिला होता. कळा होत्या, पण कळ दाबल्यावर पडद्यावर काय उमटलें हें त्यांना कसें कळावें? चार कळा दाबून कोठें पोंचलों तें अंदाजानें, आणि वाट चुकली तर यंत्र बंद करून पुन्हां पहिल्यापासून. कारखान्याच्या लेखीं असा ग्राहक नव्हताच. रॉकबॉक्सनें २००४ पासूनच आपल्या याद्या बोलक्या केल्या होत्या. त्या चिमुकल्या यंत्रांना अक्षरावरून उच्चार घडविणें शक्य नाहीं, म्हणून यादींतील प्रत्येक शब्द मोठ्या संगणकावर आधींच उच्चारून, त्याचे बारीक ध्वनितुकडे करून एका फाईलींत भरलेले असतात, आणि प्रसंगानुसार ते एकास एक जोडले जातात. (इंग्रजींत शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंतचे सर्व आंकडे २८ तुकड्यांत बोलतां येतात. मराठींत सत्तेचाळीसचा चाळिसाशीं आणि साताशीं असलेला संबंध इतका दूरचा कीं, शंभरच्या शंभर तुकडे निराळे करावे लागतील. आमच्या पहिलींतल्या मुलांचे हाल कां होतात याचें हें एक कारण.)

त्या यंत्राच्या याद्या इंग्रजींतच बोलतात. परंतु रॉकबॉक्समध्यें आणखी एक सोय आहे. गाण्यांच्या प्रत्येक फोल्डरांत आपण स्वतः बोललेला एक ध्वनितुकडा ठेवतां येतो, आणि त्या फोल्डरावर येतांच यंत्र तो ऐकवितें. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें, जो याच धंद्यांत आहे, त्यांच्या मुलीच्या आवाजांत भूप, यमन, मारवा, जौनपुरी अशीं नांवें टिपून घेतलीं आणि एकेका फोल्डरांत बसवून दिलीं. दुसऱ्या दिवशीं आम्हीं विचारलें, “काय दादा, कसें काय चाललें आहे?” दादा म्हणाले, “मास्तर, रात्रीं दोन वाजतां झोंप येईना. कोणाला हांक मारली नाहीं. मारवा मागितला आणि मारवा मिळाला.” आमच्या घरीं हें सांगितलें तेव्हां सौभाग्यवतींनीं विचारलें कीं, हें करून देणाऱ्या स्वीडनकरांना हें कोणीं कळविलें आहे काय? आम्हीं त्या विद्यार्थ्याला सांगून दोन ओळी इंग्रजींत लिहविल्या आहेत.

बॅटरीविषयीं लिहिल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं, कारण पडद्यावर दिसणारे ‘साठ टक्के’ हे मोजलेले नसून ताडलेले असतात हें फार थोड्यांना ठाऊक असतें. ड्रायव्हरला मोजतां येतो तो फक्त दाब. लिथियमची बॅटरी भरलेली असतां ४.२ व्होल्टांच्या आसपास असते. मग दाब थोडा झरझर उतरतो, नंतर कित्येक तास जवळजवळ सपाट चालतो, आणि शेवटीं कड्यावरून पडावा तसा कोसळतो. सपाटीवर उभें राहून कडा किती दूर आहे हें सांगावयाचें, असें हें काम. त्यांतून डिस्क फिरूं लागली कीं दाब क्षणभर दबतो. तेवढ्यावरून ‘संपत आली’ असें ओरडणें बरें नव्हे, म्हणून सरासरी घ्यावी लागते. प्रत्येक जातीच्या यंत्राची उतरण निराळी. ती काढण्यासाठीं रॉकबॉक्सच्या स्वयंसेवकांनीं आपापलें यंत्र पूर्ण भरून, तें बंद पडेपर्यंत गाणीं वाजवीत ठेवून, वेळोवेळीं दाबाची नोंद करून घेतली, आणि ते आंकडे ड्रायव्हरमध्यें घातले. तें वाजणारें गाणें कोणी ऐकत होतें असेंहि नाहीं.

कोणाजवळ जुना प्लेअर चालू स्थितींत असेल आणि घरांतल्या तरुण मंडळींना हा प्रयोग करावयाचा असेल तर दोन गोष्टी सांभाळाव्या. बॅटरी आधीं पूर्ण भरून घ्यावी. मजकूर उतरत असतां यंत्र मध्येंच बंद पडणें वाईट. आणि यंत्राची जात नीट ओळखावी. सॅनडिस्कचा सान्सा ई२०० या नांवाचा प्लेअर दोन प्रकारचा निघाला. रूप एक, नांव एक, पण पहिल्याच्या आंत एका कंपनीचा प्रोसेसर आणि दुसऱ्याच्या आंत भलत्याच कंपनीचा. एकाचा सारथि दुसऱ्याच्या रथावर चालत नाहीं. यंत्राच्या माहितीच्या पानावर फर्मवेअरचा क्रमांक असतो, त्याच्या आरंभीं ०१ असलें तर पहिला प्रकार, ०३ असलें तर दुसरा. बहुतेक यंत्रांत मूळचा फर्मवेअर पुसला जात नाहीं. सुरू करतांना ठराविक कळ दाबून धरली कीं तो पुन्हां चालतो.